साठ शून्यं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नाही. वर्षाचे हिशेब बंद करायचे असतात, उपयोगिता प्रमाणपत्रं यायची असतात, आणि ती ज्यांच्याकडून यायची ती मंडळी नेमकी रेंज नसलेल्या डोंगरात असतात. अशाच एका दुपारी सातपुड्याच्या पायथ्याहून फोन आला.

“मॅडम, रिपोर्ट मेल केलाय. पण...”

“पण काय?”

“काहीच नाही सापडलं.”

दूध उतू गेलं आणि गॅसपाशी तोच उभा होता, असा आवाज.

मी वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत अनुदानं आणि विज्ञान या दोन्ही बाजू सांभाळते. कोणत्या प्रश्नावर काम व्हायला हवं ते ठरवायचं, आलेले अर्ज वाचायचे, कुणाला किती द्यायचे ते विश्वस्तांपुढे मांडायचं आणि मग वर्षभर त्या पैशांच्या मागे मागे फिरायचं. आईला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला देतेस. मग यात तू काय करतेस?” अकरा वर्षं झाली. याहून नेमका प्रश्न मला कुठल्याही मूल्यमापन समितीनं विचारलेला नाही.

रिपोर्ट आला की मी आधी शेवटची पानं उघडते, कच्चे तक्ते. रिपोर्ट आजकाल सगळेच गोड लिहितात. तक्त्यात माणूस सापडतो. याचे साठ तक्ते होते, हातानं भरलेले, मोबाइलवर फोटो काढून जोडलेले. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, ऐकला का, दिसला का, शेरा. ‘ऐकला’ आणि ‘दिसला’च्या खाली साठही पानांवर शून्य. कंटाळून ओढलेली रेघ नाही, की ‘वरीलप्रमाणे’ नाही. प्रत्येक शून्य वेगळं, गोल, पूर्ण केलेलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षर: ‘धुकं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सुरू.’ ‘मोह वेचायला माणसं, आवाज फार.’ ‘ठिपक्यांचा पिंगळा, गावाच्या बाजूला. आपला नाही.’ एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. एका पानावर दवानं शाई फुटलेली, तर खाली पेन्सिलीनं सगळं पुन्हा लिहिलेलं.

‘आपला नाही’ हे वाचून मी हसले. त्याचा ‘आपला’ म्हणजे रानपिंगळा, एक छोटं घुबड. आपल्या गावच्या वडावर बसतो तो नव्हे. डोकं बरंचसं बिनठिपक्याचं, शेपटीवर जाड पट्टे, पोट पांढरं, आणि सवयीनं दिवसाचा पक्षी. सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उघड बसणारा. म्हणजे सापडायला सोपा, असं वाटावं.

याच्या अर्जावर आमची बरीच हुज्जत झाली होती. त्याला तीस ठिकाणी जायचं होतं, प्रत्येक ठिकाणी दोनदा. साहजिक आहे, नकाशावर तीस ठिपके भरदार दिसतात, देणाऱ्यालाही बरं वाटतं. मी म्हटलं, सहाच जागा घे आणि प्रत्येक जागी दहादा जा. “इतकं कमी काम दाखवायचं?” त्याचा चेहरा पडला. मग मी कागदावर गणित मांडलं. समज, पक्षी तिथे आहे आणि तीन सकाळींतून सरासरी एकदा तुला ऐकू येतो. दोनदा जाऊन ऐकू आला नाही, तर तो असूनही तू चुकलास याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे ४४ टक्के. जवळजवळ नाणेफेकच. दहादा गेलास तर तीच शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. दोन फेऱ्यांचं शून्य म्हणजे ‘मला दिसला नाही’. दहा फेऱ्यांच्या शून्याला ‘बहुतेक इथे नाहीच’ असं म्हणता येतं. शाळेत शून्याला किंमत नसते असं शिकवतात. आमच्या धंद्यात त्याची किंमत किती फेऱ्या मारल्या त्यावर ठरते.

त्यानं मानलं, आणि साठ सकाळी पहाटे चारला उठून ही गोल शून्यं काढून आणली. आता तो घाबरला होता, की पुढचा हप्ता बंद होणार.

त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. ती त्याच्यात आम्हीच घातली आहे. आमच्या अर्जाच्या नमुन्यात वर्षानुवर्षं एक प्रश्न होता, ‘अपेक्षित यश’. ‘अपेक्षित अपयश’ असा रकाना मी कुठल्याच संस्थेच्या नमुन्यात पाहिलेला नाही. देणारा ज्या उत्तरावर खूष होतो, ते उत्तर त्याला मिळत राहतं. आपल्याकडचा पिंगळा आठवा. माणसातला, पक्ष्यातला नव्हे. पहाटे कंदील आणि डमरू घेऊन दारात येणारा. तो तुमच्या घराबद्दल कधी वाईट बोलला आहे का? नाही, कारण सुपातलं धान्य चांगल्या भाकितावर पडतं. आमच्याकडे येणाऱ्या वार्षिक अहवालांचा ढीग पाहिला की मला कधी कधी डमरू ऐकू येतो.

आणि गंमत अशी की खुद्द रानपिंगळ्याची कहाणीच याच दुखण्याची आहे. १८७३ साली ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञानं या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर तुरळक नमुने मिळाले, त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्यानं खानदेशात गोळा केलेले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा नमुना नाही. फक्त एक नोंद होती, १९१४ सालची, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीची. रिचर्ड मायनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातली. हा गृहस्थ पक्षिशास्त्रातला मोठा माणूस मानला जाई. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या नमुन्यांची कसून तपासणी केली आणि उघड झालं की हा पिंगळा मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनचा जुना नमुना लंडनच्या संग्रहालयातून उचलून, कातडी नव्यानं भरून, खोटं लेबल लावलं होतं. १९१४ ची ती नोंद बाजूला काढली आणि मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर तो तोरणमाळला, मेळघाटात, मध्य प्रदेशात, अगदी मुंबईजवळच्या तानसातही मिळाला.

पेपरात सगळ्यांनी ‘नामशेष पक्षी सापडला’ असं छापलं. मला त्यातला दुसरा भाग जास्त भिडला: एक खोटा ठिपका पुसला, आणि मग पक्षी सापडला.

भिडायला कारण होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९८ साली, मी माण तालुक्यातल्या माळांवर लांडग्यांच्या मागे फिरत होते. चोवीस वर्षांची, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत विष्ठेचे नमुने. छोटंसं अनुदान होतं, सहा गावांचं काम. पाच गावांत लांडगा मिळाला: एकात पिल्लांसकट गुहा, बाकीच्या चारांत प्रत्यक्ष दिसला. सहाव्या गावात तीन आठवडे काही नाही. शेवटच्या दिवशी बांधावर एक विष्ठा मिळाली, शेळीचे केस आणि हाडांचे तुकडे असलेली. लांडग्याची असू शकते. वाड्यावरच्या धनगराच्या कुत्र्याचीही असू शकते. दोघंही शेळी खातात, आणि कुत्रा मोठा असेल तर ठशावरूनही पैज लावता येत नाही. डीएनए वगैरे आमच्या आवाक्यात नव्हतं. एसटी साडेचारची होती. मी वहीत लिहिलं, ‘लांडगा – उपस्थिती’.

सहापैकी सहा. रिपोर्ट सुंदर दिसला. पुढचं अनुदान मिळालं.

मी काही मायनर्ट्झहागन नव्हे, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. चोरी केली नाही, लेबल बदललं नाही. नुसतं एक प्रश्नचिन्ह लिहायचं राहिलं. पण ते का राहिलं, हे मला पक्कं माहीत आहे.

आता टेबलाच्या या बाजूला बसल्यावर लक्षात येतं की पैसे जातात ते फोटो निघतो तिकडे. वाघाला मिळतात. वाघाला मिळू नयेत असं मी म्हणत नाही. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं बाहेर आलं आणि ठशांवरून वाघ मोजायची जुनी रीत किती फसवी होती ते सगळ्यांना कळलं, त्यानंतर कॅमेरा ट्रॅपनं मोजणी होऊ लागली. २००६ चा आकडा १,४११ आणि २०२२ चा ३,६८२. यामागे पैसा आणि विज्ञान दोन्ही आहे. पण राजापूरकडच्या सड्यांसाठी पैसे मागायला जा. कातळ. सातबाऱ्यावर पोटखराब. एप्रिलमध्ये तिथे नेलं तर दाता म्हणतो, इथे आहे काय? जूनच्या पहिल्या सरींनंतर न्या. त्याच कातळाच्या खळग्यांत बेडकांची अंडी, भेगांत हिरवळ, देवाचे गोठणेच्या सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं, जी कोकणच्या बाहेर जगात कुठे नाहीत. पण जूनमध्ये आर्थिक वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं आणि कुणाला घाई नसते. फेब्रुवारीत सगळ्यांना पैसे खर्चायचे असतात, तेव्हा सडा काळा असतो.

सगळ्यात अवघड बैठका बिबट्याच्या. गेल्या वर्षी एका कंपनीला वीस पिंजरे द्यायचे होते. बजेट तयार, लोगोची जागाही ठरलेली. मी त्यांना जुन्नरचा अभ्यास दाखवला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासल्या होत्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ मध्ये बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडायचा सपाटा सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सरासरी १७ वर गेली. धरून सोडलेला बिबट्या जागेवर थांबत नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला कॉलर लावून माळशेजला सोडलं. ‘आजोबा’ नाव ठेवलं होतं त्याचं. तो चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, सुमारे १२० किलोमीटर.

कंपनीच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही काहीच करू नका असं म्हणता?”

हाच प्रश्न शिरूरकडच्या एका सरपंचांनी वेगळ्या शब्दांत विचारला होता आणि त्यांच्यापुढे माझी बोलती बंद झाली होती. “ताई, तुमचा कागद बरोबर असेल. पण लाइट रात्रीची येते. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला मलाच जायचंय.” त्या पट्ट्यात अजूनही माणसं मरतात. पिंजरा बहुतेक वेळा उपयोगाचा नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते. पण पुरावा खिशात घालून कुणी अंधारात उसात शिरत नाही. शेतीला दिवसा वीज, गुरांना बंदिस्त गोठे, वस्तीवर उजेड, वेळेवर नुकसानभरपाई, ही उत्तरं आहेत. यातलं निम्मं माझ्या संस्थेच्या हातात नाही आणि उरलेल्याचा फोटो चांगला येत नाही. शेवटी कंपनी गोठ्यांवर राजी झाली. गोठ्याच्या पत्र्यावर लोगो पिंजऱ्यापेक्षा मोठा बसतो, ही युक्ती माझी नव्हे, आमच्या अकाउंटंटची.

पैशांच्या नियमांबद्दल फार लिहीत नाही, वाचणाऱ्याला झोप येईल. दोनच गोष्टी. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. तेव्हापासून बाहेरून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आमच्यासारख्यांचं निम्मं काम म्हणजे मोठ्या नळाचं पाणी छोट्या वाफ्यांत सोडणं. ती चारीच बुजली. तालुक्याच्या गावात चार पोरं मिळून चालवतात त्या संस्थेनं मोठ्या दात्यापर्यंत पोचायचं कसं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. दुसरी गोष्ट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाची. त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला. पण समोरचा माणूस ती हमखास आपल्याला लावतो. मग पगार ‘जनजागृती’त लपवायचे आणि दुचाकीचं पंक्चर ‘क्षेत्रीय साहित्य’ म्हणून दाखवायचं. म्हणजे पहिल्या कागदापासून थोडं थोडं खोटं लिहायची सवय लावायची, आणि मग तक्त्यात खरं लिहा म्हणायचं.

एक माझी स्वतःची चूक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला होता. तीन पानं, मराठीत, हातानं लिहिलेली, तळ्यावरच्या पाणपक्ष्यांबद्दल. नियमात इंग्रजी नमुना होता, याच्याकडे पदवी नव्हती. त्याच फेरीत आम्ही एक देखणा इंग्रजी अर्ज मंजूर केला. त्यातला संशोधक दुसऱ्याच वर्षी परदेशी शिकायला गेला आणि त्याची विदा, म्हणजे सगळा डेटा, त्याच्याबरोबर गेली. तळ्याच्या माणसाकडे सोळा वर्षांच्या वह्या होत्या, हे मला पुढे कळलं. तोवर तो गेला होता, आणि वह्या रद्दीत. आता आम्ही मराठीत अर्ज घेतो. उशिरा सुचलेलं शहाणपण. पण निदान साठ शून्यांचा अर्ज त्याच वाटेनं आला.

तर ती शून्यं विश्वस्तांपुढे मांडायची होती. बैठक एप्रिलमध्ये, दुपारी, जेवणानंतर. एक विश्वस्त बँकेतून निवृत्त झालेले आहेत. मला ते आवडतात, कारण न कळल्याचं सोंग करत नाहीत. ते म्हणाले, “मला समजावा. आपण याला पैसे दिले पक्षी शोधायला. पक्षी नाही. मग पुन्हा का द्यायचे?”

मी गिधाडांची गोष्ट सांगितली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्वदच्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता. प्रजनन केंद्र उभारा, खाद्य घाला, सगळं सुचवलं जात होतं. आणि कारण निघालं गुरांना टोचायचं वेदनाशामक, डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुरातून गिधाडाच्या पोटात, आणि मग मूत्रपिंडं निकामी. २००४ मध्ये ते शोधपत्र आलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. “त्या मधल्या वर्षांत प्रयोगशाळेत कुणीतरी बसून ‘हा विषाणू नाही, तोही नाही’ असं लिहीत होतं,” मी म्हटलं. “तेही ‘काही सापडलं नाही’चेच रिपोर्ट होते. त्यांना कुणीतरी पैसे दिले होते.”

ते थोडा वेळ तक्ते चाळत राहिले. मग शाई फुटलेल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “हा मुलगा खोटं लिहू शकला असता. एकदा तरी. कोण बघायला गेलं होतं तिथे?”

मी काही बोलले नाही.

“द्या याला,” ते म्हणाले. दुसऱ्या वर्षाच्या बजेटमध्ये त्यानं एक नवीन ओळ घातली होती: पेन्सिली, दोन डझन.

इथवर सगळं ठीक होतं. त्याच बैठकीच्या गठ्ठ्यात पुढचा अर्ज गवताळ प्रदेशांवरचा होता. चांगला अर्ज, मेहनती मुलगी. माळरानावरच्या लांडग्यांची सद्यस्थिती तपासायची आहे, आणि त्यासाठी जिथे पूर्वी लांडगा नक्की होता अशी गावं निवडली आहेत. सोबत नकाशा. एका विद्यापीठातल्या गटानं जुने रिपोर्ट गोळा करून तो केला आहे. माण तालुक्यात सहा ठिपके. तिची मांडणी अशी, की सहाव्या गावात आता लांडगा दिसत नाही, म्हणजे तिथून तो नाहीसा झाला. का झाला, ते शोधायला दोन वर्षं आणि साडेसात लाख.

चहा आला. मी तो घेतला नाही. सांगितलं की या अर्जाबाबत माझे हितसंबंध आहेत, मी यावर बोलणार नाही, एक महिना पुढे ढकला. बँकवाल्या विश्वस्तांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा विषय घेतला.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी नकाशा करणाऱ्या गटातल्या मुलाला फोन लावला. मला नावानं ओळखत होता, ‘तुमचा रिपोर्ट फार उपयोगी पडला, मॅडम’ असं म्हणालाही. मी त्याला गावाचं नाव आणि वर्ष सांगितलं, आणि तो ठिपका काढायला सांगितला.

“काढतो. सोपं आहे,” तो म्हणाला. कळफलकाचा आवाज आला, मग थांबला. “फक्त मॅडम, सिस्टीम कारण मागते. त्याशिवाय सेव्ह होत नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहू? जागा चुकली म्हणू का? टायपिंग मिस्टेक?”

“नको,” मी म्हटलं. “लिही, खात्री नव्हती. आणि पुढे माझं नाव घाल.”